नारिंगी आधी की हिरवी आधी

आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. चांगली चालते. पण बे जोम-रे गेली अकरा वर्षं चार मजले जिन्यानं चढून येते. मध्येच अडकली तर, म्हणते. मी एकदा विचारलं, अगं ओन्नी, अकरा वर्षांत एकदा तरी अडकली का? तर म्हणे, म्हणजे आता अडकायची वेळ जवळ आली. अशा माणसाशी काय वाद घालायचा?

मी तिच्या समोरच्या गाळ्यात कीबोर्ड आणि माऊस विकते. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून ओन्नी, थोरली बहीण. रक्ताचं नातं काही नाही. पण देगू शहरातल्या या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात इतकी वर्षं समोरासमोर बसून एकमेकींच्या डब्यातली किमची खाल्ली की नातं आपोआप लागतं.

तिचं काम केबल बनवायचं. मोठ्या रिळावरून वायर कापायची, वरचं साल काढायचं, आतल्या आठ रंगीत तारा ओळीत लावायच्या, त्यावर प्लॅस्टिकचा कनेक्टर चढवून पक्कडीनं दाबायचा. दीड मिनिटाचं काम. जोम-रेला चार मिनिटं लागतात, कारण प्रत्येक केबल ती तीनदा तपासते. गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं, ही आपली तपासतेच आहे. चौदाव्या वर्षी कापडगिरणीत लागली, पुढे टीव्हीच्या कारखान्यात वायरी जोडायला. तिथे एकदा एक तार उलटी जोडलेली निघाली आणि लाइनवरच्या सगळ्या बायकांना मुकादमानं दिवसभर उभं केलं. तार हिची नव्हती. पण दुधानं तोंड पोळलं ते पोळलंच, तेव्हापासून ताकही फुंकून पिते.

केबल दोन तऱ्हांची असते, तेवढं सांगायला हवं. सरळ केबलीची दोन्ही टोकं सारखी, दोन्हीकडे नारिंगी तारा आधी. ती कॉम्प्युटरपासून इंटरनेटच्या डब्यापर्यंत न्यायची. पण दोन कॉम्प्युटर एकमेकांना थेट जोडायचे, तर ती चालत नाही. एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाला लागतं आणि कान कानाला. दोघंही बोलतात, ऐकत कुणीच नाही, आमच्या दुकानदार संघाच्या बैठकीसारखं. तिथे क्रॉस केबल लागते: एका टोकाला नारिंगी आधी, दुसऱ्या टोकाला हिरवी आधी. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच राखाडी. चुकीची लावली तर धूर निघत नाही की आवाज होत नाही. फक्त मागचा छोटा हिरवा दिवा लागत नाही, आणि लोकांना वाटतं, कॉम्प्युटरच गेला.

दोन हजार सालच्या नोव्हेंबरात एक म्हातारी बाई जोम-रेच्या गाळ्यापुढे येऊन उभी राहिली. सत्तरी उलटलेली, ताठ, केस मागे चापून बसवलेले. हातात भाच्यानं लिहून दिलेली चिठ्ठी. एक केबल इंटरनेटची, एक कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर.

"नीट द्या हं," बाई म्हणाल्या. "चुकीची दिलीत तर मला दुसरी संधी नाही."

जोम-रेनं मान वर केली आणि तशीच राहिली. मला वाटलं, नेहमीसारखी घाबरली असेल.

"दुसरी संधी का नाही?" मीच विचारलं. मला नाक खुपसल्याशिवाय राहवत नाही.

बाईंचं नाव प्यो जोंग-इम. डोंगरापलीकडच्या एका प्रसूतिगृहात त्या चोवीस वर्षं नर्स होत्या. लग्नाआधी अडकलेल्या मुली तिथे यायच्या, बाळंत होऊन रिकाम्या हातानं परत जायच्या, आणि बाळं विमानात बसून परदेशी दत्तक जायची. प्रसूतिगृह केव्हाच बंद पडलं. प्यो बाईंनी मात्र प्रत्येक बाळाचं टिपण स्वतःच्या वह्यांत ठेवलं होतं: तारीख, वजन, आईचं नाव, बाळ कुठे गेलं. अकराशेच्या वर बाळं. निवृत्त झाल्यावर सहा वर्षं बसून त्यांनी ते सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. गेल्या हिवाळ्यात घराच्या मागच्या खोलीला आग लागली आणि वह्या गेल्या.

"आता जे काही आहे ते त्या डबड्यात," त्या म्हणाल्या. "आणि ते आठवडाभर टक टक करतंय. दुरुस्तीवाला म्हणाला, बंद केलात तर पुन्हा उठायचं नाही. फ्लॉपीची खाच मेलीय. चालू आहे तोवर केबल लावून नव्यात उतरवून घ्या म्हणाला. मी रात्री उठून उठून बघते हो, श्वास चालू आहे का म्हणून."

जोम-रेच्या हातून पक्कड पडली.

तिनं केबली केल्या, पण कशा केल्या ते मी पाहिलं. क्रॉस केबल तिनं तीनदा नाही, सात-आठ वेळा तपासली. हात असे कापत होते की गिऱ्हाइकाच्या नावाचं लेबल तिला लिहिता येईना. दोन्ही केबली सारख्या दिसतात, गोंधळ नको, म्हणून शेवटी मी म्हटलं, आण इकडे. सरळ केबलीवर काळ्या पेननं "प्यो जोंग-इम, इंटरनेट" लिहिलं. क्रॉसवर, वेगळी उठून दिसावी म्हणून, माझं किमतीचं लाल पेन घेतलं आणि लिहिलं: "प्यो जोंग-इम, थेट."

लाल शाईनं जित्या माणसाचं नाव लिहायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. ते मेलेल्यांसाठी. मलाही ठाऊक होतं. पण मी स्वतःला मोठी सुधारलेली समजते ना! असल्या गोष्टी मी मानत नाही, असं चारचौघांत ठणकावून सांगत फिरायचे मी. प्यो बाईंनी पिशवीत न बघताच केबली टाकल्या आणि गेल्या.

त्या गेल्या तशी जोम-रे गाळा उघडा टाकून जिन्यात जाऊन बसली. मी मागोमाग गेले. 

"बुन-ही, ती बाई मला ओळखते."

"छे. ओळख दाखवली का तिनं?"

"तिला आठवत नसेल. मला आठवते. एकाहत्तर साली मार्चमध्ये मी तिथे होते. एकोणीस वर्षांची. मुलगी झाली. या बाईनंच उचलून नेली." स्वतःच्या कानामागे बोट लावून म्हणाली, "डाव्या कानामागे तीळ होता. तेवढंच बघायला मिळालं."

 आठ वर्षं मी या बाईच्या घाबरटपणाची टिंगल करत होते.

"इतक्या वर्षांत कधी विचारायला गेली नाहीस?"

"गेले होते. चार वेळा. बसमधून उतरायचे आणि परतीच्या बसची वाट बघत थांबायचे. काय उत्तर मिळेल याची भीती वाटायची. पण वह्या आहेत, बाई आहे, आज ना उद्या विचारू, असं होतं. आता ते सगळं त्या टक टक करणाऱ्या डब्यात आहे. आणि माझ्या केबलीवर आहे. माझीच केबल चुकली तर?"

"आठ वेळा तपासलीस की!"

"म्हणूनच भीती वाटते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन वाजला. तिचा हात पुढे होईना, म्हणून मी घेतला. प्यो बाईंचा भाचा बोलत होता, ग्वांग-सोक. बँकेत कारकून, चाळिशीचा, आवाजावरूनच अति शहाणा.

"काय केबल दिलीत हो? दिवाच लागत नाही. अर्थात दोष केबलीचा नाहीच म्हणा, जुन्या मशीनमधलं केबल जोडायचं कार्ड गेलंय. मी ते बंद करून उघडतो आता. म्हटलं, तुम्हाला कळवून ठेवावं."

"बंद करू नका!" मी ओरडले. सगळा मजला माझ्याकडे बघायला लागला. "लाल अक्षरांची केबल लावलीत ना?"

"कसली लाल? मी दोन सांगितल्या होत्या, पण पिशवीत एकच केबल निघाली. काळ्या अक्षरांची."

मला तेव्हाच कळलं. लाल नाव त्या घरात कुणी टिकू दिलं नव्हतं. मी त्याच्याकडून एका तासाचं वचन घेतलं. तो वैतागून म्हणाला, बरं, बारापर्यंत थांबतो, मग मला कामावर जायचंय.

बस सुटायला सात मिनिटं होती. नवीन केबल करून तपासायला वेळच नव्हता. जोम-रेनं पक्कड पिशवीत टाकली, ॲप्रनच्या खिशात हात घालून बघितलं आणि पळत सुटली. आणि मी तुम्हाला सांगते, ती लिफ्टनं खाली गेली. डोळे मिटून, माझा दंड इतका घट्ट धरून की चार दिवस वळ होते. लिफ्टची भीती कमी झाली नव्हती. दुसरी भीती मोठी होती, एवढंच.

बसमध्ये ती सारखी घड्याळ बघत होती. बाहेर पर्सिमनची झाडं नारिंगी फळांनी लगडलेली, घराघराच्या पडवीत सोललेली फळं दोऱ्यांना टांगून वाळत घातलेली, आणि आम्ही दोघी जीव मुठीत धरून बसलेल्या. मला तिला सांगायचं होतं, ओन्नी, चूक माझी आहे. तोंड उघडलं की पुढचा थांबा कुठला, एवढंच विचारायचे. मी भित्री नाही असं मला वाटायचं. त्या चाळीस मिनिटांत कळलं, मला भ्यायची सवय नव्हती, एवढंच.

घरात शिरलो तर आधी आवाजच ऐकू आला. टक. टक. मग थांबला, आणि आमचे दोघींचे श्वासही थांबले. मग पुन्हा टक. जुना कॉम्प्युटर जमिनीवर ठेवलेला, समोर टेबलफॅन लावलेला, आणि प्यो बाई तापातल्या लेकराशेजारी बसावं तशा त्याच्याजवळ बसलेल्या. ग्वांग-सोक स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन तयारच होता.

"दुसरी केबल कुठे आहे?" मी विचारलं.

स्वयंपाकघरातून प्यो बाईंची थोरली बहीण बाहेर आली. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, पण जीभ सरळ. "चुलीत! कुठल्या मेलीनं माझ्या जित्या बहिणीचं नाव लाल शाईनं लिहून घरात पाठवलं? सांगा कुठल्या मेलीनं! नाव कातरलं, मीठ टाकलं आणि जाळून टाकलं सगळं. पुन्हा आणाल तर पुन्हा जाळीन."

"अहो आत्याबाई, मला सांगायचं तरी!" ग्वांग-सोक म्हणाला. त्याला पहिल्यांदाच काही ठाऊक नव्हतं.

"तुला काय सांगायचं? तू काल तुझ्या बाळाच्या वाढदिवसाचं, शकुनाचं शेवाळाचं सूप मोरीत ओतून दिलंस!"

मी तोंड उघडणार, एवढ्यात जोम-रे म्हणाली, "मी लिहिलं. चुकलं माझं." आणि कमरेतून वाकून माफी मागितली. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते राहू दे," प्यो बाई म्हणाल्या. "दिवा लावता येईल का सांगा."

जोम-रे खाली बसली. राखाडी सरळ केबल घेतली आणि तिचं एक टोक कापलं. एक टोक नारिंगी आधी असं आहेच. दुसरं हिरवी आधी असं केलं की तीच क्रॉस. खिशातून कनेक्टर काढले. दोन होते. फक्त दोन.

पहिला तिनं दाबला. केबल लावली. आम्ही पाच जणांनी वाकून कॉम्प्युटरच्या मागे बघितलं.

दिवा लागला नाही.

"म्हटलं ना मी," ग्वांग-सोक म्हणाला, "कार्डच गेलंय."

जोम-रेनं टोक डोळ्यांजवळ धरलं आणि तिच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. नारिंगी आधी. रोज शंभर वेळा जे करतात तेच हातांनी केलं होतं. डोकं क्रॉस म्हणत होतं, हातांनी सरळच बनवली होती. तिनं ते टोक कापलं. आता एकच कनेक्टर उरला, आणि डब्याची टक टक आधी भरभर झाली, मग सावकाश, मग तिचा आवाजच बदलला.

"मला जमणार नाही," ती म्हणाली. "बुन-ही, हात ऐकत नाहीत. मला जमणार नाही."

तिची भीती मला दिसत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे, ती मलाही लागली होती. पण चूक माझी होती, तेव्हा पळून कुठे जाणार? मी तिच्या समोर गुडघे टेकून बसले. "मी रंग बोलते, तू फक्त तार लाव. विचार करू नकोस. हिरवी-पांढरी."

तिनं ती लावली.

"हिरवी."

"लावली."

"नारिंगी-पांढरी. मग निळी. मग निळी-पांढरी." माझा आवाज चिरकत होता. "आता नारिंगी. ओन्नी, नारिंगी. हिरवी नाही."

"नारिंगी," ती म्हणाली.

"तपकिरी-पांढरी. तपकिरी."

कनेक्टर चढवला. एकदा तपासलं. दुसऱ्यांदा तपासलं. तिसऱ्यांदा तिनं तपासलं नाही. डोळे मिटले आणि पक्कड दाबली.

दिवा लागला. दोन्हीकडे लागला. थोरल्या बाईंना काय चाललंय काही कळत नव्हतं, तरी त्याच आधी रडायला लागल्या.

अडखळत अडखळत टिपणं उतरायला पन्नास मिनिटं लागली. ग्वांग-सोक काही कामावर गेला नाही. एकेका वर्षाचं नाव पडद्यावर यायचं आणि जायचं. बासष्ट. त्रेसष्ट. अडुसष्टला ते बराच वेळ अडकलं आणि प्यो बाई जप केल्यासारखं काहीतरी पुटपुटत राहिल्या. एकाहत्तर आलं तेव्हा जोम-रेनं माझा हात धरला. ते गेलं. पंच्याऐंशीपर्यंत सगळं उतरलं. मग प्यो बाईंनी स्वतः जुना कॉम्प्युटर बंद केला. पुन्हा लावून बघितला. तो उठला नाही.

"एकाहत्तर," जोम-रे म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नसेल. "मार्चची बावीस तारीख. बघाल का?"

प्यो बाईंनी तिच्याकडे बघितलं.  मग काही न विचारता नव्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि पान उघडलं.

मुलगी. दोन किलो सातशे. आई: बे जोम-रे, वय एकोणीस, कापडगिरणी. डेन्मार्कमधलं एक गाव, घरच्यांची नावं. खाली आणखी दोन ओळी, पुष्कळ नंतरच्या. जोम-रेला चष्म्याशिवाय वाचता येईना. मी वाचलं, आणि मोठ्यानं वाचायला मला धीर होईना. प्यो बाईंनी वाचलं.

"ऑगस्ट अठ्ठ्याण्णव. मुलगी स्वतः येऊन गेली. आईला भेटायचंय म्हणाली. आईनं तेव्हा घातलेल्या शपथेप्रमाणे, आई वारली असं सांगितलं."

जोम-रेनं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी म्हणाले होते," जोम-रे शेवटी म्हणाली. "बाबांना कळलं तर मारून टाकतील असं वाटायचं. म्हटलं, कुणी आलं तर सांगा, मेली. म्हणाले होते मी."

"अकराशे जणी," प्यो बाई म्हणाल्या.  "तुम्ही सांगितलेलंच मी पाळत गेले. निम्म्या जणींनी हेच सांगितलं होतं. ती पोर त्या तिथे पायरीवर बसून रडली. मी पाणी दिलं. पण शपथ मोडली नाही."

जोम-रेनं त्यांना दोष दिला नाही. रागही केला नाही. मला मात्र राग आला होता. कुणावर, ते ठरवता येत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, हे बदलता येईल का? प्यो बाईंनी जुनी ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली, नव्या कॉम्प्युटरवर पहिलीच नोंद केली: आई जिवंत आहे. देगू, इलेक्ट्रॉनिक्स इमारत, चौथा मजला, केबलचा गाळा.

परतीच्या बसमध्ये मी तिला सांगितलं, लाल पेन माझं होतं, आणि तू माझ्यासाठी का वाकलीस? ती म्हणाली, वाकायची मला सवय आहे. मग खिडकीबाहेर बघत राहिली.

प्यो बाईंनी त्याच आठवड्यात डेन्मार्कला पत्र टाकलं. फेब्रुवारीत ते परत आलं. त्या पत्त्यावर आता कुणी राहत नव्हतं. प्यो बाईंनी दत्तकाचं बघणाऱ्या संस्थांना लिहिलं, आणखी कुठे कुठे लिहिलं. अजून लिहितात. उत्तरात सहानुभूती येते.

याला तीन वर्षं झाली. आताशा नव्या कॉम्प्युटरना क्रॉस केबल लागत नाही, कुठलीही लावा, आपलं आपण जुळवून घेतात. जोम-रेचा धंदा निम्म्यावर आला. शेजारच्यांनी गाळे विकले. ती एक दिवस गाळा बंद ठेवत नाही. चुसोकच्या सणाला सगळी इमारत रिकामी असते, सगळे गावी पूर्वजांना जेवू घालायला गेलेले, आणि ही एकटी दिवा लावून बसलेली. ताप असला तरी येते. जेवायला उठायची झाली तर मला बजावते, डोळा ठेव गं, लगेच येते. तिशीची, गळ्यात कॅमेरा, भाषा न येणारी कुणी मुलगी जिन्यातून वर आली की हिचे हात थांबतात, आणि ती मुलगी वळेपर्यंत, कानामागचे केस दिसेपर्यंत, ही श्वास घेत नाही.

ती यायची वेळ आणि गाळा बंद असायची वेळ एकच निघाली तर, ही तिची आताची भीती. मी हो म्हणते, डोळा ठेवते. वारलेल्या आईला शोधायला दुसऱ्यांदा कोण येतं, हे मी तिला विचारलेलं नाही.